थेंबाचा फोटो आणि दोनदा चमकणारा दिवा

पडणाऱ्या पाण्याच्या थेंबाचा स्थिर फोटो काढायचा असेल, तर कॅमेऱ्याच्या शटरवर विसंबण्यापेक्षा खोलीत पूर्ण अंधार करावा, शटर दोन-तीन सेकंद उघडे ठेवावे आणि त्या अवधीत प्रकाश एकदाच, क्षणभर पाडावा, ही जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. मला हवा होता तो हा एकदाच चमकणारा दिवा. बाथरूममध्ये शॉवरच्या नळाला पाण्याची बाटली टांगली, तिला औषधाच्या दुकानातून आणलेला सलाइनचा सेट जोडला, त्याचे चाक फिरवून सेकंदाला साधारण एक थेंब पडेल असे केले आणि दिव्यासाठी ५५५ हा टायमर आयसी, म्हणजे ठरलेला वेळ मोजणारी छोटी चिप, निवडला. मायक्रोकंट्रोलरने, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपने, हेच काम दहा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये झाले असते, हे मला मान्य आहे; पण हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये आखलेला आणि पुढच्याच वर्षी बाजारात आलेला हा आयसी आजही बुधवार पेठेत ‘ट्रिपल फाइव्ह द्या’ म्हटले की दुकानदार न विचारता काढून देतो, आणि मला तोच वापरायचा होता.

एका वेळी एकच पल्स, म्हणजे ठरलेल्या वेळापुरता विजेचा एक ठोका, देणाऱ्या जोडणीत पल्सचा कालावधी १.१ गुणिले रिझिस्टर गुणिले कपॅसिटर इतका येतो. मी ९१ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड घेतले, म्हणजे कालावधी सुमारे एक मिलिसेकंद झाला. ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देता भाग खोचता येणाऱ्या पाटीवर, सर्व काही जोडले, नऊ व्होल्टची बॅटरी लावली, बटण दाबले आणि एलईडी लागला तो बटण सोडेपर्यंत लागूनच राहिला.

हा दोष सोपा होता. आयसीच्या दोन नंबरच्या पिनेवरचे व्होल्टेज पुरवठ्याच्या, म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजच्या, एक तृतीयांशाखाली गेले की पल्स सुरू होते. पण ती पिन खालीच राहिली, तर ठरलेला वेळ संपल्यानंतरही आउटपुट वरच राहते, म्हणजे दिवा लागलेलाच राहतो. माझे बोट बटणावर किमान पाव सेकंद असणार आणि पल्स हवी एक मिलिसेकंदाची. म्हणून बटण आणि पिन यांच्या मध्ये १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर घातला आणि दोन्ही बाजूंना १० किलोओहमचे रिझिस्टर पुरवठ्याला जोडले. आता बटण कितीही वेळ दाबून ठेवले, तरी पिनला सुमारे ४० मायक्रोसेकंदांचाच धक्का बसत होता. डोळ्यांना एक लहानशी चमक दिसली आणि काम झाले, असे मी समजलो.

पहिले पंचवीस-तीस फोटो अर्थातच रिकामे आले, कारण बटण हाताने आणि अंदाजाने दाबायचे होते. मग एक लागला. मुलगी स्क्रीनकडे बघून म्हणाली, “बाबा, तुमच्या बाटलीतून जुळे थेंब पडतायत.” खरोखरच एकाखाली एक असे दोन पुसट थेंब होते, मध्ये जेमतेम एक सेंटिमीटर अंतर. सेकंदाला एकच थेंब सोडणाऱ्या नळीतून एक सेंटिमीटर अंतराने दोन थेंब येणे शक्य नव्हते. अर्धा मीटर पडलेल्या थेंबाचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या थोडा वर असतो, म्हणजे एका मिलिसेकंदात तो तीन मिलिमीटर सरकतो. याचा अर्थ थेंब एकच होता आणि दिवा तीन-एक मिलिसेकंदांच्या अंतराने दोनदा लागला होता. त्या फोटोत थेंब लांबट का दिसत होता, याचेही उत्तर त्याच आकड्यात होते, पण ते मी नंतरसाठी ठेवले.

माझ्याकडे ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचे क्षणोक्षणीचे चढउतार दाखवणारे यंत्र, नाही आणि मल्टिमीटरला मिलिसेकंदातले काही कळत नाही. तेव्हा टेबलफॅनच्या एका पात्यावर, मध्यापासून १५ सेंटिमीटरवर, पांढऱ्या कागदाची पाच मिलिमीटर रुंद पट्टी चिकटवली. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, म्हणजे सेकंदाला २४० फ्रेम घेऊन, मोजले तर पात्याची एक फेरी १२ फ्रेममध्ये पूर्ण होत होती; सेकंदाला २० फेऱ्या. त्या हिशोबाने पट्टी एका मिलिसेकंदात जवळजवळ दोन सेंटिमीटर पुढे जाते. अंधारात पंखा चालू ठेवून बटण दाबले की पट्टी जितक्या ठिकाणी उजळलेली दिसेल, तितक्या वेळा दिवा लागला, असे हे घरगुती मोजमाप. दहा वेळा दाबल्यावर सहा वेळा एक पट्टी दिसली, तीन वेळा दोन आणि एकदा चक्क तीन.

मी दोष आयसीला दिला आणि तो बदलला. मग दुसरा बदलला. तिसराही तसाच वागू लागल्यावर मी बटणाकडे पाहिले, आणि ते आधीच पाहायला हवे होते. दाबलेल्या बटणाचे संपर्क एकदम जुळत नाहीत; धातूच्या पट्ट्या काही मिलिसेकंद एकमेकींवर उड्या मारतात आणि प्रत्येक उडीला जोड तुटून पुन्हा होतो. माझी पल्स दहा मिलिसेकंदांची असती, तर या उड्या तिच्या पोटात खपून गेल्या असत्या. ती एकाच मिलिसेकंदाची असल्यामुळे ती संपल्यावर आलेली प्रत्येक उडी आयसीला नवा हुकूम वाटत होती.

उपाय असा केला, की बटणाच्या बाजूचा १० किलोओहमचा रिझिस्टर काढून १०० किलोओहमचा बसवला आणि बटणाला समांतर एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला. पहिल्या स्पर्शालाच तो रिकामा होतो, आणि पुन्हा भरायला त्याला दहावा हिस्सा सेकंद किंवा अधिक वेळ लागत असल्याने मधल्या उड्या आयसीपर्यंत पोहोचतच नाहीत. यातही मी एक शहाणपणा केला. भरलेला कपॅसिटर बटणाने थेट शॉर्ट करणे बरे दिसेना, म्हणून बटणाच्या वाटेत १०० ओहम घातला, आणि सर्किट पूर्ण मुके झाले. कागदावर मांडल्यावर कारण सापडले. आता कपॅसिटर रिकामा व्हायला शंभर मायक्रोसेकंदांच्या मापाचा वेळ लागत होता आणि पुढचा १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर भरण्याच्या वेळाचे मापही नेमके तितकेच होते. त्यामुळे पिनवरचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, नऊ व्होल्टवरून पावणेसहापर्यंतच उतरत होता, आणि हवा होता तीनच्या खाली. तो १०० ओहम निमूटपणे काढला. पंख्यावर ओळीने पन्नास वेळा एकच पट्टी आली. बटण भरभर दोनदा दाबले तर दुसरी खेप गिळली जाते, पण त्याने माझे काही अडत नव्हते.

राहिला लांबट थेंब. ९१ किलोओहमच्या जागी ९.१ लावला की पल्स शंभर मायक्रोसेकंदांची होते आणि थेंब तेवढ्या वेळात ०.३ मिलिमीटरच सरकतो. पण प्रकाश दहापट कमी होतो. म्हणून तीन वॉटचा पांढरा एलईडी, ५.६ ओहमचा रिझिस्टर आणि मोठा प्रवाह चालू-बंद करणारा मॉस्फेट असा संच आणला, कारण ५५५ स्वतः २०० मिलिअँपियरच्या पुढे नेऊ नये. एलईडीला सुमारे एक अँपियर मिळेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात फोटो कधी उजळ, कधी अगदी काळा येई, आणि पंख्यावरच्या पट्टीची कडही कधी जास्त, कधी कमी पसरलेली दिसे. एकदा पोळल्यामुळे मी पुन्हा बटणच तपासत बसलो आणि त्यात दोन संध्याकाळी गेल्या. या खेपेला बटण निर्दोष होते. नऊ व्होल्टच्या छोट्या बॅटरीला एक अँपियर झेपत नाही. दिवा लागताच तिचा दाब कोसळत होता, आणि ५५५ पुरवठ्याच्या दोन तृतीयांशाला पल्स थांबवत असल्याने ती खूणही सोबत खाली येऊन पल्स मध्येच तुटत होती.

एलईडीजवळ १००० मायक्रोफॅरडचा, आयसीच्या आठ आणि एक नंबरच्या पिनांलगत १०० नॅनोफॅरडचा आणि पाच नंबरच्या पिनेवर, जो मी आळसाने गाळला होता, तो १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला. एक अँपियर शंभर मायक्रोसेकंद वाहिला, तर मोठ्या कपॅसिटरचा दाब ०.१ व्होल्टच उतरतो. बॅटरीने तो सावकाश भरून द्यावा, एवढेच तिचे काम उरले. त्या रात्री काढलेल्या चाळीस फोटोंपैकी चारांत थेंब सापडला, चारही वेळा एकटा आणि गोल, वरच्या अंगाला दिव्याचा बारीक पांढरा ठिपका घेतलेला.

बॅटरी जोडताना दिवा अजूनही एकदा आपोआप चमकतो. चार नंबरच्या पिनेवर रिझिस्टर आणि कपॅसिटर लावून ते थांबवता येईल, पण तूर्त मी आधी बॅटरी जोडतो आणि मग शटर उघडतो. पंख्यावरची पट्टी मात्र काढलेली नाही. उन्हाळ्यात घरच्यांना तो पंखा हवा असतो, तेव्हा पट्टीसकटच देतो.