सीडीआय बदलला, तरी वाघबिळाच्या पुढं गाडी बंद

कोल्हापुरातून पन्हाळ्याला जायला पाऊण तास पुष्कळ झाला. गेल्या जुलैत मला तीन तास लागले. शिवाजी पूल ओलांडला, वाघबीळही मागं पडलं, चढ सुरू झाला आणि गाडीनं दोन आचके देऊन मान टाकली. समोर धुकं, वरून बारीक पाऊस. किल्ली बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबलो, स्टार्टर दाबला तर काही झालंच नाही अशा थाटात सुरू! एक किलोमीटर गेल्यावर पुन्हा तेच.

गाडी म्हणजे २०१३ सालची बाइक, ३५० सीसी, एक सिलिंडर, कार्बोरेटरवाली. रूप आजोबांच्या काळातलं, पण आत ठिणगी पाडणारे जुन्या पद्धतीचे पॉइंट-कंडेन्सर नाहीत, त्यांच्या जागी सीटखाली तेच काम करणारी एक काळी इलेक्ट्रॉनिक डबी, लोकांच्या तोंडी ‘सीडीआय’. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हता हे पुढं कळेलच.

घरी आल्यावर आधी पेट्रोलवर संशय घेतला. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं की अशीच थांबून थांबून गाडी बंद पडते. झाकण सैल ठेवून फिरलो, कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी (फ्लोट बाऊल) काढून साफ केली. काही फरक नाही. नेहमीच्या मिस्त्रीनं गाडीला हातही न लावता निकाल दिला, "सीडीआय गेलाय भावा. गरम झाला की मरतोय, गार झाला की जिता. डोळं झाकून बदल."

डोळं झाकूनच बदलला. साडेतीन हजार गेले. दुकानात पाटी होतीच, ‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही’.

आपल्याकडं अशा प्रत्येक डबीला सीडीआयच म्हणतात, पण माझ्या गाडीत टीसीआय आहे. सीडीआयमध्ये कपॅसिटर दोन-तीनशे व्होल्टला भरून ठेवतात आणि तो इग्निशन कॉइलमध्ये (प्लगसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या वेटोळ्यात) एकदम रिकामा करतात. टीसीआयमध्ये बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या जाड वेटोळ्यातून वाहत असतो. इंजिनबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटशेजारची छोटी पिकअप कॉइल ठिणगीच्या वेळेचा इशारा देते, त्याबरोबर डबीतला ट्रान्झिस्टर तो प्रवाह खटकन तोडतो आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा झटका उठतो. म्हणजे टीसीआयची ठिणगी थेट बॅटरीच्या दाबावर (व्होल्टेजवर) जगते. हे मला आधी ठाऊक असतं तर साडेतीन हजार वाचले असते.

नवी डबी बसवल्यावर चार दिवस गाडी मख्खन. राजारामपुरी, रंकाळा, शिरोलीपर्यंत ये-जा, एक आचका नाही. मित्रांना चहाही पाजला. रविवारी पुन्हा पन्हाळ्याची वाट धरली आणि वाघबिळाच्या पुढं, जवळजवळ त्याच वळणावर, गाडी बंद.

आता मात्र इरेला पेटलो. मल्टिमीटर आणला. पुढचा संशयित पिकअप कॉइल. तिची तार आतून तुटायला आली असेल तर तापल्यावर टोकं सुटतात आणि इशारा बंद होतो. कव्हर उघडायची गरज नसते, तिच्या दोन वायरी बाहेर कपलरला येतात, तिथंच मोजता येतं. थंड इंजिनला २०४ ओहम. अर्धा तास पळवून आणून मोजलं तर २४६! चोर सापडला, असं वाटलं. ऑर्डर टाकणार होतो, पण आधी उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या काकांना दाखवावं म्हटलं. शेतावरच्या पाणबुड्या मोटारी भरण्यात त्यांचं आयुष्य गेलंय, बाइकचं काम ते एरवी घेत नाहीत.

काकांनी आकडे ऐकले आणि हसले. "अरे, तांबं हाय ते. तापलं की वाढणारच. शंभर अंशाला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढतंय. तुझं तर वीस टक्केच वाढलंय. तुटलेली असती तर मीटरनं आकडाच दाखवला नसता." पिकअप कॉइल निर्दोष सुटली.

मग कॉइलच्या प्लस वायरीवर दाब मोजला. किल्ली चालू, इंजिन बंद, १२.३ व्होल्ट. मी म्हटलं, "बघा, सप्लायही बरोबर आहे." काका म्हणाले, "मोटार बंद असताना पोलवरनं आलेल्या तारेतबी पूर्ण दाब दिसतोय. बटण दाबलं की खरं कळतंय." इंजिन फिरत नसताना डबी कॉइलमधून प्रवाह जाऊ देत नाही, त्यामुळं तार नुसती उभी असते, तिच्यावर भार नसतो. त्यांनी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब त्या वायरीला आणि अर्थला जोडला. आकडा १०.९ वर आला. बॅटरीवर मात्र १२.२. मधल्या मध्ये सव्वा व्होल्ट कुठंतरी मुरत होता.

"चढाला लागल्यावर आणि काय चालू असतंय?" त्यांनी विचारलं.

मी गप्प झालो. धुकं. धुक्यातले दिवे! मागच्या दिवाळीत हँडलखाली दोन एलईडी लावून घेतले होते. शहरात ते कधीच लागत नाहीत. पावसाळ्यात वाघबिळाच्या पुढं धुकं आलं की मी लावतो. दिवे लावले आणि मीटर बघितला. ९.२.

टाकी उतरवली. किल स्विचकडून (हँडलवरच्या इंजिन बंद करायच्या बटणाकडून) कॉइलकडे जाणारी वायर सोलून, तिथंच दिव्यांची वायर पिळून वर टेप गुंडाळलेली. ना लग, ना सोल्डर. तीही सिलिंडर हेडच्या बरोबर वर. उष्णतेनं टेपचा डिंक वितळून सांधा सैल झालेला, वर दोन महिन्यांचं पावसाचं पाणी. टेप काढली तर न कल्हई केलेल्या पितळी भांड्यासारखा हिरवा कळंक. दिवे आणि ठिणगी, दोघांचा प्रवाह त्या एकाच सांध्यातून. दिवे लागले की सांधा तापायचा, आणखी सैल व्हायचा, कॉइल उपाशी. किल्ली बंद करून थांबलो की सांधा गार होऊन पुन्हा चिकटायचा. आम्ही सगळे डबीला ‘गरम झाली की मरते’ म्हणत होतो, ते दुखणं या सांध्याचं होतं.

दाब पाऊण झाला म्हणजे ठिणगीही पाऊण उरते असा माझा समज होता. तसं नसतं. दाबाबरोबर प्रवाहही पाऊण होतो, आणि कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळं ती निम्म्याच्या जेमतेम वर राहते. त्यात चढावर थ्रॉटल पूर्ण उघडलेला असतो, सिलिंडरमध्ये हवेचा दाब जास्त, आणि दाबलेल्या मिश्रणात ठिणगी पडायला जास्त व्होल्ट लागतात. म्हणून स्टँडवर प्लग हेडला टेकवून बघितला की ठिणगी दिसायची आणि घाटात गाडी मरायची. (प्लग बघताना तो हेडला नीट टेकलेलाच हवा. कॅप मोकळी ठेवून स्टार्टर मारला तर ठिणगीला वाट मिळत नाही आणि कॉइल किंवा डबी खरोखरच जाऊ शकते.)

दुरुस्तीला दोन तास लागले. वायर कापत गेलो तर आतलं तांबं दोन इंचांपर्यंत काळं निघालं. चकाकणारं तांबं लागेपर्यंत कापलं, नवा तुकडा सोल्डर करून घातला, वर हीट श्रिंक स्लीव्ह. दिव्यांना बॅटरीवरून स्वतंत्र वायर, १० अँपियरचा फ्यूज आणि रिले (छोट्या प्रवाहानं मोठा प्रवाह जोडणारा स्विच). आता किल्लीच्या लाइनवर रिलेचा किरकोळ भार तेवढा पडतो. पुन्हा बल्ब जोडला, दिवे लावले. कॉइलवर ११.९, बॅटरीपेक्षा फक्त ०.३ कमी. रिले, फ्यूज, वायर धरून खर्च साडेतीनशे. काकांनी मजुरी घेतली नाही, पण समोरच्या गाड्यावरची मिसळ घेतली.

जुनी डबी परत बसवली. नवी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून टूल बॉक्समध्ये ठेवलीय. पुढच्या रविवारी धुक्यात दिवे लावून थेट गडावर गेलो, झुणका-भाकर खाल्ली, दिवे लावूनच खाली आलो.

परवा मिस्त्री भेटला. मान हलवत म्हणाला, "बघ, सीडीआय बदलल्यावर सुधारली की न्हाई?"

मी "व्हय" म्हटलं आणि चहा सांगितला.