आज 'ग्रँट' वाचून संपवलं

सकाळी चहा घेऊन बसले ते दुपारी तीनलाच उठले, रॉन चेर्नोचं 'ग्रँट', म्हणजे अमेरिकन यादवी युद्धातला सेनापती आणि नंतरचा प्रेसिडेंट युलिसिस ग्रँट याचं चरित्र, आज एकदाचं वाचून झालं, हजारेक पानं आहेत, दीड महिना लागला. युद्धाचा भाग जबरदस्त, 1863 च्या व्हिक्सबर्ग शहराच्या वेढ्याचं वर्णन तर मी नकाशा शेजारी ठेवून वाचलं. पण मला जास्त भिडला तो प्रेसिडेंट झाल्यानंतरचा ग्रँट, 1871 मध्ये कायदा करून कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेच्या मागे लागला, साउथ कॅरोलिनात सैन्य वापरून धरपकड केली, हे शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं.

खटकलं ते व्हिस्की रिंग प्रकरण, म्हणजे व्हिस्कीवरचा कर बुडवण्याचा घोटाळा. ग्रँटचा स्वतःचा सेक्रेटरी बॅबकॉक त्यात अडकला, ग्रँटने त्याच्या बाजूने साक्ष दिली, आणि लेखक म्हणतो काय तर माणसांवर पटकन विश्वास ठेवायचा हो. आठ वर्षं देश चालवणाऱ्याला एवढी सूट नाही देता येत. ग्रँटच्या दारू पिण्याचा विषयही फार वेळा येतो.

पण शेवट... पैसे बुडालेले, घशाचा कॅन्सर, आणि बायकोला मागे काहीतरी राहावं म्हणून हा माणूस आठवणी लिहीत बसलाय, जुलै 1885 मध्ये लिहून संपवल्या आणि थोड्याच दिवसांत गेला. रडले मी. त्या आठवणींचं पुस्तक आत्ताच मागवलंय.