शेजारचे युद्ध आणि लहान देशांचे हिशेब

१९७१ च्या डिसेंबरात दादरच्या आमच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, असे आई सांगते. मुंबईला ते युद्ध काही रात्रींच्या अंधारातून कळले. फिनलंडसाठी मात्र शेजारच्या युद्धाची शक्यता हा पिढ्यान्पिढ्यांचा हिशेब आहे, आणि तो लक्षात घेतल्याखेरीज त्या देशाचा २०२२ चा निर्णय समजणार नाही.

अमेरिकेच्या दबावामुळे फिनलंड नाटोत गेला, असे आपल्याकडच्या चर्चांत सर्रास ऐकू येते. मला ते पटत नाही. रशियाशी त्याची सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा आहे. १९३९-४० च्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या हिवाळी युद्धात १०५ दिवस झुंजूनही कारेलिया या सीमाभागाचा मोठा भाग गेला आणि चार लाखांहून अधिक माणसांना घरेदारे सोडावी लागली. पुढे सोव्हिएत संघाशी १९४८ चा मैत्री करार करून लष्करी गटांपासून चार हात दूर राहणे ही त्या देशाने स्वातंत्र्यासाठी जाणीवपूर्वक मोजलेली किंमत होती. शेजाऱ्याने आपल्या सीमा मानाव्यात, ही त्यामागची अपेक्षा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या आणि त्या अपेक्षेचा आधारच गेला. जिथे नाटो सदस्यत्वाचे समर्थक वर्षानुवर्षे अल्पसंख्य होते, तिथे मे महिन्यापर्यंत सुमारे तीन चतुर्थांश लोक त्या बाजूचे झाले. १७ मे रोजी संसदेने १८८ विरुद्ध ८ मतांनी कौल दिला, आणि ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड नाटोचा ३१ वा सदस्य झाला. इतके एकमत बाहेरून लादता येत नाही. सक्तीची लष्करी सेवाही त्याने शीतयुद्धानंतर कधी सोडली नव्हती, म्हणजे सावधपण आधीपासून होतेच. दोनशे वर्षांहून अधिक काळ युद्धांपासून दूर राहिलेला स्वीडनही मार्च २०२४ मध्ये त्याच वाटेने गेला.

युक्रेनच्या शेजारच्या मोल्दोव्हाची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते, कारण तिथे असा मोकळा निर्णय घेण्याची सोय नाही. नीस्तर नदीच्या पूर्वेकडील ट्रान्सनिस्त्रिया हा पट्टा १९९२ पासून सरकारच्या ताब्याबाहेर आहे आणि तिथे रशियन सैनिक आहेत. देशाची बरीचशी वीज याच पट्ट्यातल्या, रशियन वायूवर चालणाऱ्या केंद्रातून येत असे. त्यामुळे परराष्ट्र धोरण ठरवताना हिवाळ्यात घरे उबदार कशी राहतील, हा प्रश्न मंत्र्यांना टाळता येत नव्हता. मार्च २०२२ मध्ये युक्रेनसह मोल्दोव्हाची वीजजाळी युरोपीय जाळ्याला जोडली गेली, आणि जूनमध्ये दोघांनाही युरोपीय संघाने उमेदवार देशाचा दर्जा दिला. ऑक्टोबर २०२४ च्या सार्वमतात मात्र युरोपचा मार्ग राज्यघटनेत नोंदवण्याच्या बाजूने निम्म्याहून जेमतेम अधिक मते पडली. युरोपकडे वळतानाही १९९४ च्या त्या राज्यघटनेतले तटस्थतेचे कलम मोल्दोव्हाने काढलेले नाही.