कालचंच आहे

हो, कालचंच आहे. दरवर्षी महालक्ष्म्या उठायच्या, म्हणजे गौरी विसर्जनाच्या दिवशी दुपारी आदल्या दिवशीच्या उरलेल्या जेवणातून केलेल्या खाऊची बशी हातात दिली, की कुणीतरी तो एवढासा घास नाकाजवळ नेऊन विचारतंच, "हे कालचंच ना गं?" जरा सलगीतली असेल तर पुढं, "उरलेलं पाहुण्यांना देताना तुला काही वाटत नाही?" इतकी वर्षं मी हसून बशी पुढं सरकवत आले. या वेळी तुम्ही विचारलंत म्हणून नीटच सांगते.

वाटतं. पण तुम्हाला वाटतं ते नाही.

पूजनाच्या दिवशी सोळा भाज्या, सोळा कोशिंबिरी, वर चटण्या, पुरण, कटाची आमटी, मसालेभात. जेवणारी माणसं वीस-बावीस. प्रत्येक भाजी वाटी-वाटीच केली तरी सोळा वाट्या होतात, आणि वाटीभर भाजी करणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. म्हणजे उरणारच. घरात त्याचाच फोडणीचा भात झाला, कुस्करा झाला, तर कुणी नाक मुरडत नाही. श्रावणात शीतला सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचं खातो, तेही भक्तीनं. तेच मी सुपारीएवढं करून काडी टोचून दिलं की ते शिळं! आमचे एक नातेवाईक गीतेचा सतरावा अध्याय काढतात, शिळं ते तामस. त्यांच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाचा डबा आठवडाभर असतो, पण ते असो.

महालक्ष्म्या उठायच्या दिवशी नैवेद्याला मुरडीचे कानवले तळायचेच असतात. ते निघाले की त्याच तेलात माझं सुरू होतं. भाज्या एकत्र करून चाळणीत निथळायच्या, पोळीचा चुरा आणि मूठभर भाजणी घालून मुटके वळायचे, शेजारी दह्यात कालवलेली शेंगाचटणी. अळूचे उंडे वाफवलेले असतातच, पातळ कापले की झालं. आणि पुरणाचं मी सासरी नाही शिकले. आमच्या समोर तेलुगू पद्मशाली घर होतं, तिथल्या अक्कांनी दाखवलं: पूर्णम बूरेलू. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चार तास भिजवून वाटायची. पुरणाची गोळी त्यात बुडवून तळायची. पुरण आटवताना उलथनं उभं राहिलं असेल तरच हे जमतं. सैल पुरण असेल किंवा पीठ पातळ असेल, तर गोळी कढईत चिरते, गूळ तेलात उतरतो, काळे फेस येतात आणि पुढचा सगळा घाणा कडू. अक्का पहिली गोळी नेहमी एकटीच सोडायच्या. ती फुगून वर येऊन आपोआप कुशीवर वळली, की मग म्हणायच्या, "आता सोड."

त्या बशीत पूर्वी चौथा प्रकार असायचा. मसालेभाताचे गोळे, आत चीजचा तुकडा. जुन्या लोकांना आठवतात. "ते का नाही करत आता?" हेही विचारतात, आणि मी म्हणते, कंटाळा.

2018 चं वर्ष. पूजनाच्या रात्री साडेअकरा वाजलेले. फ्रीजमध्ये पुरण, दूध, अळूचे उंडे, आणि वरचा अख्खा कप्पा वेण्यांनी भरलेला. सकाळी महालक्ष्म्यांना ताज्या घालायच्या होत्या, अडीचशेला एक अशा मी आणल्या होत्या. भाताचं पातेलं कुठंच मावेना. झाकण ठेवून ओट्यावरच राहू दिलं. सासूबाईंनी आतल्या खोलीतून विचारलं, "भात फ्रीजमध्ये घातलास का गं?" मी म्हटलं, "हो आई, घातला."

एवढं एक वाक्य. पाय दुखत होते, झोप येत होती, आणि परत उठून वेण्या काढायच्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या भाताचा वास घेतला. चांगला होता. चवही घेतली. गोळे खमंग झाले, पहिल्यांदा तेच संपले. साडेचारला खाल्ले, आणि सातच्या सुमारास जावेच्या मुलीला उलट्या सुरू झाल्या. सहा वर्षांची होती. मग दीर, मग शेजारच्या दोघी, मग मी. विसर्जनाला कोण गेलं तेही मला नीट आठवत नाही. पोरीला रात्री दवाखान्यात सलाइन लावलं. तिच्या हाताच्या मागे पट्टीनं सुई चिकटवलेली आणि मनगटात आदल्या दिवशीच्या हिरव्या बांगड्या तशाच.

डॉक्टरांनी विचारलं, काय काय खाल्लं, आणि मी यादी सांगत असताना भातापाशी थांबवून विचारलं, "रात्रभर कुठं होता?" मी उत्तर द्यायच्या आत जाऊ म्हणाली, "काकडीची कोशिंबीर होती ना, दही घातलेली." कोशिंबीर वन्संनी घरून करून आणली होती. आणि मी गप्प बसले.

नंतर कळलं ते असं: तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, त्यांचं विष तयार होतं, आणि ते विष तळून जात नाही. वासाला कळत नाही, चवीलाही नाही. उलट्या अर्ध्या तासापासून सहा तासांत. सगळं जुळत होतं.

तेव्हाची मी म्हणायची, कोशिंबीरही असू शकेल, तपासणी कुठं झाली? आजची मी तिला म्हणते, अगं, कोशिंबीर न खाल्लेल्यांनाही झालं. ती म्हणते, मग काय, रात्री साडेअकराला पातेलंभर आंबेमोहोर टाकून द्यायचा होता? यावर आजही माझ्याकडं उत्तर नाही. आजही माझ्यानं टाकवणार नाही. आता एवढंच करते, की पंगत उठली की भात परातीत पसरते, निवला की लगेच डब्यांत भरून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन आम्ही घरातलेच खातो. पाहुण्यांच्या बशीत भात नाही. ही काळजी की भीती, मला ठरवता आलेलं नाही.

म्हणून "कालचंच ना?" ऐकलं की मला चिडायला होतं. कालचं असण्याबद्दल मी भांडेन. रात्रभर कुठं होतं, हे मात्र तुमच्यापैकी कुणी विचारत नाही. सासूबाईंनी विचारलं होतं. त्यांना कळलंही असावं, कारण पहाटे ओटा पुसायला त्याच उठल्या होत्या. त्या शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत.

वन्संनी त्या वर्षानंतर कोशिंबीर आणली नाही. फळं आणतात. हे त्या वाचतील, आणि त्यांना मी समोर बसून सांगायला हवं होतं हे मला कळतं.

वेण्या आता मी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवते. सकाळी कडेची फुलं तपकिरी पडलेली असतात. वन्सं दरवर्षी त्या हातात घेऊन विचारतात, "अगं, फ्रीजमध्ये का नाही ठेवल्यास?"