तक्त्यातली चौथी ओळ

राज्याच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी राखून ठेवायचं असेल, तर त्यासोबत एक तक्ता जातो. एका रकान्यात विधेयकाचं कलम, दुसऱ्यात ते ज्याच्या आड येतं त्या केंद्रीय कायद्याचं कलम, तिसऱ्यात विरोध नेमका कशात आहे ते. नस्तीतली, म्हणजे फाइलमधली, सगळ्यात रटाळ पानं हीच. त्यामुळे ती मागच्या नस्तीवरून उतरवायची सवय सगळीकडे आहे.

त्या दिवशी दुपारी टेबलावर आलेलं विधेयक भाडेकरूंना संरक्षण देणारं होतं. तक्त्यात तीन कायदे होते: करार अधिनियम १८७२, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ आणि नोंदणी अधिनियम १९०८. दुसऱ्या दिवशी नस्ती राजभवनाकडे निघणार होती. मी सही करणार, एवढ्यात सहायक कक्ष अधिकारी म्हणाला, "मॅडम, घरमालक विमा महामंडळ असेल तर?"

"तक्ता कुठून घेतलाय?"

"मागच्या नस्तीतूनच."

चौथी ओळ नव्हतीच. ती असायला हवी होती सार्वजनिक जागांतून अनधिकृत भोगवटादारांना बाहेर काढण्याच्या १९७१ च्या केंद्रीय कायद्याची. ज्या कंपनीत केंद्र सरकारचे किमान ५१ टक्के भाग आहेत, किंवा जे महामंडळ केंद्रीय कायद्याने स्थापन झालं आहे, त्यांच्या इमारती 'सार्वजनिक जागा' ठरतात. मुंबईत विमा महामंडळाच्या मालकीच्या कितीतरी जुन्या इमारती भाडेकरूंनी भरलेल्या आहेत. तिथे मालकाला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. त्याचाच संपदा अधिकारी नोटीस काढतो, सुनावणी घेतो आणि जागा रिकामी करण्याचा आदेश देतो. आमच्या विधेयकाला नेमकं हेच थांबवायचं होतं, आणि ज्याला थांबवायचं त्याचंच नाव तक्त्यात नव्हतं.

'कोणत्याही अन्य कायद्यात काहीही असले तरी' हे शब्द विधेयकात होते. या शब्दांवर फार भरवसा ठेवला जातो. राज्याच्या दुसऱ्या कायद्यावर ते चालतात, संसदेच्या कायद्यापुढे त्यांना किंमत नाही. समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयावर राज्याचा कायदा केंद्रीय कायद्याच्या विरोधात गेला, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २५४(१) प्रमाणे विरोध असेल तेवढा भाग निरर्थक ठरतो. त्याला वाचवणारी वाट एकच, २५४(२): विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवायचं आणि संमती मिळवायची. ती मिळाली तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा वरचढ.

पण संमती सरसकट नसते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी मुंबईच्याच एका प्रकरणात हे ठरवलं. एका बाजूला कैसर-ए-हिंद ही कंपनी, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ. मुंबई भाडे कायद्याची मुदत राज्य वेळोवेळी वाढवत आलं होतं आणि त्याला राष्ट्रपतींची संमतीही होती. न्यायालयाने दिल्लीला गेलेला पत्रव्यवहार मागवून वाचला. त्यात विरोधी कायदे म्हणून मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आणि लघुवाद न्यायालयांचा १८८२ चा कायदा यांचा उल्लेख होता. १९७१ च्या कायद्याचा नव्हता. निकाल असा की ज्या कायद्याकडे राष्ट्रपतींचं लक्षच वेधलं नाही, त्याच्यापुरती संमती नाही. भाडे कायदा हरला, तो एका न लिहिलेल्या ओळीमुळे.

विधेयकाला आता हात लावता येत नव्हता; सभागृहाने मंजूर केलेला शब्द सचिवालयात बदलत नाही. पत्र आणि तक्ता मात्र आमचेच होते. म्हणून तो नव्याने करायला घेतला, या वेळी कायद्यांच्या यादीवरून नाही, तर मालकांच्या. खासगी माणूस, न्यास, कंपनी, सहकारी संस्था, बँक, महामंडळ, केंद्र सरकार. प्रत्येकासमोर एकच प्रश्न: हा मालक भाडेकरूला कोणत्या कायद्याखाली बाहेर काढू शकतो? असं विचारलं की विसरलेले कायदे आपोआप वर येतात.

केंद्र सरकारच्या स्वतःच्या इमारतींपाशी आम्ही थांबलो. संघाची मालमत्ता हा संघ सूचीतला, म्हणजे केंद्राच्या यादीतला विषय, नोंद ३२. राज्यातल्या अशा मालमत्तेवर राज्याचा कायदा चालतो तो संसदेने वेगळी तरतूद केली नसेल तोवरच, आणि १९७१ च्या कायद्याने ती केली आहे. संमती आणून अधिकार निर्माण होत नाही. छावणी क्षेत्राचंही तेच. पुणे, खडकी, देवळालीच्या छावण्यांतलं घरभाड्याचं नियंत्रण नोंद ३ मध्ये संघाकडे आहे. राज्याचा भाडे कायदा तिथे लागू करायचा तर १९५७ च्या एका केंद्रीय कायद्याखाली केंद्राने अधिसूचना काढावी लागते. या दोन्ही गोष्टी तक्त्यात घालायच्या नाहीत, टिपणीत स्पष्ट लिहायच्या, असं ठरलं. बँकेने तारण जागेचा ताबा घेण्याच्या २००२ च्या कायद्यावर मात्र चांगलीच जुंपली. अधिकोषण (बँकिंग) संघ सूचीत, तेव्हा २५४ चा उपयोग काय, हे एकाचं म्हणणं; लिहिल्याने बिघडतं काय, हे माझं. लिहिलं.

एक ओळ वाढली की दिल्लीतला प्रवासही लांबतो. गृह मंत्रालय विधेयक संबंधित मंत्रालयांकडे फिरवतं, आणि संबंधित कोण हे आमच्याच तक्त्यावरून बरंचसं ठरतं. १९७१ चा कायदा आला म्हणजे गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालय आलं. ते हरकती घेणार, आम्ही खुलासे देणार. राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय द्यावा हे अनुच्छेद २०१ सांगत नाही. म्हणूनच "कशाला आ बैल मुझे मार" असं म्हणणारे प्रत्येक विभागात भेटतात. त्यांचा हिशोब अगदीच चुकीचा नाही, फक्त तो संमती मिळेपर्यंतच चालतो.

आणि संमती मिळाली तरी ती कायमची नसते. २५४(२) चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, संसदेला नंतर तो कायदा बदलायची किंवा रद्द करायची मुभा देतं. महाराष्ट्राच्या २०१२ च्या गृहनिर्माण नियमन कायद्याला २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. २०१६ च्या रेराने, म्हणजे केंद्राच्या स्थावर संपदा नियमन कायद्याने, आपल्या कलम ९२ मध्ये नाव घेऊन तो रद्द केला.

संध्याकाळी साडेसातपर्यंत तीन ओळींच्या आठ झाल्या. सुधारित पत्रावर प्रशासकीय विभागाची सही लागते, आणि तिथले सचिव घरी निघून गेले होते. नस्ती एक दिवस उशिरा, अकरा वाजता जावक झाली.