टनेल चालू झाला आणि सर्व्हर हातचा गेला

दूरच्या सर्व्हरवर वायरगार्ड (दोन यंत्रांमध्ये सांकेतिक टनेल टाकणारा व्हीपीएन) बसवणं दहा मिनिटांचं काम, असं सगळेच सांगतात. बसवणं खरंच तेवढंच आहे. २०२० पासून, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.६ पासून, ते लिनक्सच्या आतच असल्यामुळे वेगळं मॉड्यूल बिल्ड करावं लागत नाही. पॅकेज टाकलं, किल्ल्या काढल्या, कॉन्फिग लिहिली. खासगी किल्ली तिच्यातच असते, म्हणून फाइलची परवानगी ६०० केली.

मग एसएसएचमधूनच, म्हणजे दुरून केलेल्या लॉगिनमधूनच, टनेल चालू करणारी ‘डब्ल्यूजी-क्विक अप’ ही आज्ञा दिली. भराभर ओळी आल्या, ‘आयपी रूल’ची (कुठलं पॅकेट कुठल्या वाटेने जाईल ते ठरवणाऱ्या नियमाची) ओळ दिसली आणि कर्सर गोठला. एंटर दाबून पाहिलं, दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहिलं. शुकशुकाट.

घोळ कॉन्फिगमधल्या ‘अलाउड-आयपीज’मधला. तिथे मी ०.०.०.०/०, म्हणजे सगळे पत्ते, असं लिहिलं होतं. नावावरून वाटतं, फक्त परवानगी द्यायची आहे. पण डब्ल्यूजी-क्विक त्यावरूनच रूटही, म्हणजे पॅकेटची वाटही, घालतं. माझी पॅकेट सर्व्हरच्या सार्वजनिक पत्त्यावर येत होती, उत्तरं मात्र टनेलमध्ये शिरत होती. होस्टिंगच्या पॅनेलवरून रीबूट केल्यावर सुटलो. बूटला आपोआप चालू होण्याची सोय अजून केली नव्हती, नाहीतर रीबूटनेही काही साधलं नसतं.

दुसऱ्या खेपेला आधी दोर बांधला: ‘सिस्टमडी-रन’ने टायमर लावला, पाच मिनिटांनी ‘डब्ल्यूजी-क्विक डाउन’. सार्वजनिक पत्त्यावरून निघणाऱ्या पॅकेटसाठी मेन टेबल (नेहमीच्या वाटांची यादी) वापर, असा नियमही कॉन्फिगमध्ये ‘प्री-अप’ला, म्हणजे टनेल चालू होण्याआधी, घातला. तरी पुन्हा गोठला! टायमरने सोडवलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

कारण शोधायला बराच वेळ गेला. प्राधान्याचा आकडा न देता घातलेला ‘आयपी रूल’ आधीच्या नियमांच्या वर जाऊन बसतो (शून्य क्रमांकाचा तेवढा अपवाद), आणि वरचा नियम आधी लागू होतो. माझा नियम आधी गेला, डब्ल्यूजी-क्विकचे मागून येऊन त्याच्या डोक्यावर बसले. तीच ओळ ‘पोस्ट-अप’ला, म्हणजे टनेल चालू झाल्यानंतर, हलवली. काढून टाकणारी जोडओळ ‘प्री-डाउन’ला.

तिसऱ्यांदा कर्सर क्षणभर अडखळला आणि चालू लागला. ‘डब्ल्यूजी शो’मध्ये हँडशेक (दोन्ही टोकांची ओळख पटणं) १२ सेकंदांपूर्वीचा, बाहेरून दिसणारा पत्ता टनेलच्या पलीकडचा. खुशीत चहा घेऊन आलो तर टनेल बंद. लॉग चाळले, किल्ल्या ताडून पाहिल्या, फायरवॉलला शिव्या घातल्या.

टायमर रद्द करायचा राहिला होता.