पाणी रेघेच्या वर गेलं तेव्हा : आमच्या साप्ताहिकाची वाटचाल

चिपळूणच्या बाजारपेठेत आमच्या छापखान्याच्या भिंतीवर लाल तेलरंगाची आडवी रेघ होती. २६ जुलै २००५ ला पुराचं पाणी तिथवर आलं होतं. नंतर आम्ही सुतार बोलावून रेघेच्या दोन हात वर पक्क्या फळ्या मारून घेतल्या आणि कागदाची रिमं, संगणक, जुन्या अंकांच्या बांधीव फायली, सगळं तिथे चढवलं. आता कसलीच भीती नाही, असं मी घरात सांगून बसलो होतो. २२ जुलै २०२१ ला पाणी त्या फळ्यांच्याही वर गेलं.

त्याबद्दल लिहायचंच आहे. पण आधी आमचे खिळे जुळवणारे तात्या, त्यांच्याबद्दल लिहिलं नाही तर ते अन्यायाचं होईल.

१९८३ साली मी साप्ताहिकाचं डिक्लेरेशन, म्हणजे सरकारदरबारी नोंद, केलं तेव्हा माझ्याकडे भाड्याचा गाळा, एक जुनं ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र, आणि डिग्री खिळ्यांच्या केशी, म्हणजे शिशाची अक्षरं ठेवायच्या घराघरांच्या पेट्या होत्या. कंपोझिंगचं, म्हणजे खिळे जुळवून ओळी करण्याचं, मला काहीच येत नव्हतं. तात्या गिरगावातल्या छापखान्यात वीस वर्षं काढून गावी परतले होते. पगार ठरवताना ते म्हणाले, "अंक निघाला तर दे, नाही निघाला तर मागणार नाही." डिग्रीचं काम ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. मूळ अक्षर एक, वरची मात्रा वेगळी, खालचा उकार वेगळा, आणि ओळ मात्र स्टिकमध्ये, म्हणजे खिळे जुळवायच्या हातातल्या पट्टीत, एकसंध बसली पाहिजे. तात्यांचा हात केशीतल्या घराकडे न बघता जायचा. उलटी ओळ ते सुलट्यासारखी वाचायचे. मॅटर गॅलीवर, म्हणजे लांबट तबकावर, आलं की दोऱ्यानं बांधायचं, रूळ फिरवून ओल्या कागदावर प्रूफ काढायचं, आणि अंक छापून झाला की सगळे खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात सोडायचे.

आमची कायमची अडचण 'ळ' ची. चिपळूण, गोवळकोट, काविळतळी, आमच्या गावांच्या नावांतच ळ फार. निवडणुकीचा अंक असला की तिसऱ्या पानावर ळ संपायचे. मग तात्या मला हाक मारत, "संपादक, इथे चिपळूण नको, आपलं शहर करा." तसं वाक्य फिरवून मी शेकडो वेळा दिलं आहे.

१९९६ ला मिनी ऑफसेट आणि संगणक आला. खिळे शिशाच्या भावानं वजनावर गेले. तात्यांनी त्यांची स्टिक तेवढी मागून घेतली. पुढच्या वीस वर्षांत अंक दर शुक्रवारी निघत गेला. २०१३ च्या जानेवारीत साहित्य संमेलन चिपळूणला झालं, त्याचा विशेषांक चांगला निघाला. बाकी विशेष काही नाही.

मग २०१६ चा गणपती आला. ५ सप्टेंबरला चतुर्थी होती आणि त्याच दिवशी जिओ सुरू झालं. त्या वर्षी गावी आलेल्या चाकरमान्यांची पोरं पडवीत बसून मोबाइलमध्ये बघत होती, आणि नेहमी गणपतीत हातोहात संपणारा आमचा अंक स्टँडवर उरला. आधी वाढदिवसाच्या जाहिराती गेल्या, मग पाठोपाठ श्रद्धांजलीच्या. बॅनर करून ग्रुपवर टाकला की काम झालं, पैसे कशाला मोजायचे? जाहीर नोटिसा तेवढ्या राहिल्या, कारण त्या वर्तमानपत्रात याव्याच लागतात. आजही आमची चूल त्यांच्यावरच पेटते.

आमच्याकडे प्रूफं वाचायला शिकलेला एक मुलगा याच सुमारास बाहेर पडला आणि त्यानं यूट्यूबवर बातम्यांचं चॅनल काढलं. नाव लिहीत नाही. हुशार होता, अजूनही आहे. चॅनलचा माइक घेऊन तो अपघाताच्या जागी पोलिसांच्या आधी पोचायचा. त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की आम्ही चार दिवस तलाठ्याकडे, प्रांताकडे, पाटबंधारे खात्याकडे खेटे घालून आणलेली बातमी शुक्रवारी छापून यायची आणि शनिवारी सकाळी तो ती आमच्याच फोटोसकट वाचून दाखवायचा. हजारो लोक ते बघत. आमचं नाव एकदाही घेतलं नाही. मी फोन केला तर म्हणाला, "सर, बातमीवर कुणाची मालकी असते का?" बातमीवर नसेल. पण त्यासाठी झिजवलेल्या चपला तर आमच्या होत्या!

पुराच्या दिवशी मी घराच्या गच्चीवर होतो. वीज नव्हती, मोबाइलची रेंज नव्हती. शहराच्या इतिहासातली सगळ्यात मोठी बातमी डोळ्यांसमोरून वाहत होती आणि चाळीस वर्षांच्या या धंद्यात मी कुणाला एक ओळ कळवू शकत नव्हतो. तिसऱ्या दिवशी गाळा उघडला. दार उघडेना, आतून कागदाचा लगदा फुगून बसला होता. ऑफसेटच्या रुळांत चिखल घट्ट झाला होता. फायलींची पानं एकमेकांना अशी चिकटली होती की वीट उचलल्यासारखं वर्ष उचललं जायचं. १९८३ ची वीट, १९८४ ची वीट. टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकंही त्याच पाण्यात गेली. १८६४ सालचं ते वाचनालय. त्यामुळे मी माझं दुःख कुणाला सांगितलं नाही. फायली मी स्वतः घमेल्यात भरून बाहेर टाकल्या.

लोक चिखल काढत होते तेव्हा एका रात्री बातमी फिरली की धरण फुटलं. २ जुलै २०१९ ला आमच्याच तालुक्यात तिवरे धरण फुटून माणसं गेली होती, त्यामुळे अविश्वास कोण दाखवणार? म्हातारी माणसं, तान्ही पोरं घेऊन लोक भर पावसात टेकाडाकडे धावले. बातमी त्या मुलाच्या चॅनलवरून आली होती. मी पाटबंधारेच्या ओळखीच्या अभियंत्याला फोन लावला, सात वेळा लावला, आठव्यांदा लागला. धरणाला काही झालेलं नव्हतं. माझ्या मुलीनं ते वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली वेळ आणि माझी सही घातली, फोटो काढला आणि गावातल्या प्रत्येक ग्रुपवर टाकला. पहाटेपर्यंत लोक परतले. आमची मोबाइलवरची पहिली बातमी ती.

सकाळी त्या मुलानं व्हिडिओ काढून टाकला. आम्ही चूक छापली तर पुढच्या अंकात खुलासा छापावा लागतो आणि चुकीचा अंक वाचणाऱ्याच्या घरात राहतोच. त्याच्याकडे काहीच राहिलं नाही. पुढच्या ६ जानेवारीला, दर्पण दिनाला, पूरकाळातल्या वार्तांकनाबद्दल त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली दर्पण हे मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढलं, त्यांच्या तसबिरीला हार घातला गेला. मी तिसऱ्या रांगेत होतो. टाळ्या मी वाजवल्या नाहीत, हे इथे लिहून ठेवतो.

साप्ताहिक बंद करायचं मी ठरवलं होतं. यंत्राचा विमा जेमतेम होता, कागदाचे भाव चढत चालले होते. दिवाळीच्या आधी लालबागहून फोन आला. आमच्या तालुक्यातल्या दसपटीतले आमचे एक वर्गणीदार, गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, होते. १९८२ च्या संपात गावी येऊन राहिले, परत मुंबईला जाताना आमच्या गाळ्यात येऊन त्यांनी वर्षाची वर्गणी भरली आणि पुढे एकही वर्ष चुकवली नाही. अंक टपालानं उशिरा पोचला तर त्यांचं कार्ड यायचं. फोनवर म्हणाले, "भाऊ, फायली गेल्या म्हणे? माझ्या पलंगाखाली सगळे अंक आहेत. बायको रद्दीत द्या म्हणते, मी देत नाही. घेऊन जा."

मुलगा टेम्पो घेऊन गेला. दहा बाय बाराच्या खोलीतून एकवीस गठ्ठे निघाले. प्रत्येकावर सुतळी आणि सालाची चिठ्ठी. त्यातल्याच एका गठ्ठ्यातून पुढे १९९४ ची एक जाहीर नोटीस निघाली आणि महामार्गात जमीन गेलेल्या एका कुटुंबाच्या वकिलाला ती देता आली. पुढच्याच शुक्रवारी दुसऱ्याच्या यंत्रावर आम्ही दोन पानी अंक काढला. तात्या तेव्हा अंथरुणावर होते. त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी बोटानं ओळी मोजल्या आणि म्हणाले, "ळ पुरले का?"

आता अंक छापतोही आणि सकाळी मोबाइलवर बातम्याही देतो. ते काम मुलगी बघते. तिचा नियम असा की दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही, मग दुसऱ्यांनी आधी दिली तरी चालेल. वाचक कमी आहेत, पण नोटिसा देणारे वकील तिच्याकडे विश्वासानं येतात.

नव्यानं पोर्टल काढणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. फेसबुकच्या पानावर संसार थाटू नका. २०१८ ला त्यांनी बातम्या मागे आणि घरगुती पोस्टी पुढे केल्या, तेव्हा आमच्या ओळखीचे कितीतरी जण एका महिन्यात दिसेनासे झाले. स्वतःची साइट घ्या, आणि तिची प्रत दुसऱ्या गावात ठेवा, त्याच गाळ्यात नव्हे. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. आमचा वीस वर्षांचा मजकूर श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये, जुन्या सीडींवर आहे. तो युनिकोडमध्ये बदलताना 'ऱ्य' फुटतो आणि सह्याद्रीच्या 'दऱ्या' चा 'दर्या' होतो. दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे यंत्राला चूक कळत नाही, माणसालाच बसून वाचावं लागतं. मृताचं नाव घरच्यांना कळायच्या आधी देऊ नका. आणि दुसऱ्याची बातमी घेतलीत तर त्याचं नाव घ्या, त्याला पैसे लागत नाहीत.

लालबागचे गठ्ठे आम्ही स्कॅन करतो आहोत. रोज रात्री जेवणानंतर दोन तास. आजवर १९८३ ते १९९९ झालं. टपालात गहाळ झालेले अंक अर्थात तिकडेही नाहीत. १९८९ च्या पावसाळ्यातले सहा आणि १९९१ चा दिवाळी अंक अजून मिळालेला नाही. दसपटी, मार्गताम्हाणे, सावर्डे, अलोरे या बाजूला कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात अस्तर म्हणून घातलेले असतील तर कळवा. फाटके चालतील. आम्ही येऊन नेऊ आणि स्कॅन करून परत आणून देऊ.